नवा कोच, खेळाडू तोच

चार कोटी पौंड मोजून आणलेल्या स्ट्रायकरने लीगमधला पहिला गोल 25 ऑगस्ट 2019 ला करावा आणि दुसरा थेट 21 जून 2020 ला, हे न्यूकॅसलसारख्या गावाच्या पचनी पडणं कठीण होतं. मधले तीन महिने कोरोनामुळे खेळच बंद होता हे खरं, पण तेवढे वजा केले तरी हिशोब काही सुधारत नाही. त्या स्ट्रायकरचं नाव जोएलिंटन. हा ब्राझीलचा उंचापुरा गडी जर्मनीतल्या हॉफेनहाइमकडून आला होता. न्यूकॅसलने त्याच्या आधी एवढी किंमत कुणासाठीच मोजली नव्हती. आल्याआल्या त्याच्या अंगावर चढवला तो 9 नंबरचा शर्ट, जो तिथे जॅकी मिलबर्न, माल्कम मॅक्डोनाल्ड आणि अॅलन शीअरर यांनी घातला होता. त्या गावात 9 नंबर म्हणजे देव्हारा. पहिल्या हंगामात 38 सामने आणि 2 गोल, दुसऱ्या हंगामात 4. पैसे वाया गेलेल्या सौद्यांच्या याद्या इंग्लिश वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात. त्यांत त्याचं नाव न चुकता यायचं.

नोव्हेंबर 2021 मध्ये एडी हाऊ कोच म्हणून आला. क्लब तेव्हा लीगच्या तळाजवळ होता आणि एकही सामना जिंकलेला नव्हता. 30 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर नॉर्विचविरुद्ध सामना झाला. तळातलेच दोन संघ, त्यामुळे हरणाऱ्याची धडगत नव्हती. नवव्या मिनिटाला न्यूकॅसलचा बचावपटू किअरन क्लार्क याने पुढे निसटणाऱ्या टीमू पुकीला ओढलं आणि रेफरीने लाल कार्ड दाखवलं. आता 81 मिनिटं दहा जणांनी काढायची होती. हाऊने रायन फ्रेझरला बाहेर घेऊन एक बचावपटू आत पाठवला. मधल्या फळीत पडलेलं खिंडार मात्र कुणीतरी बुजवायला हवं होतं. तिथे मागे सरकला जोएलिंटन.

मग प्रेक्षकांनी जे पाहिलं ते त्यांच्यासाठी अगदी नवं होतं. गोलसमोर बॉल आला की ज्याचे पाय जड व्हायचे, तोच माणूस मैदानाच्या मधोमध अंगाला अंग भिडवून बॉल हिसकावत होता, पडत होता, उठून पुन्हा धावत होता. सामना 1-1 असा सुटला. चार दिवसांनी बर्नलीला हरवून न्यूकॅसलने हंगामातला पहिला विजय मिळवला. तेव्हापासून जोएलिंटन मिडफिल्डर झाला तो कायमचा. हंगामाअखेर क्लब अकराव्या क्रमांकावर पोचला आणि क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला जोएलिंटन. जून 2023 मध्ये तो ब्राझीलकडून पहिल्यांदा खेळला आणि त्याच सामन्यात त्याने गोलही केला. मार्च 2025 मध्ये वेम्ब्लीवर लिव्हरपूलला 2-1 हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला. 1955 च्या एफए कपनंतर देशातली मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली ती तेव्हाच. त्या दिवशी मधल्या फळीत जोएलिंटन होताच.

पाय तेच, छाती तीच, वय काय ते वाढलेलं. मग बदललं काय? आणि त्यातलं कोचमुळे किती बदललं?

‘नव्या कोचने जादू केली’ हे वाक्य फुटबॉलमध्ये इतकं स्वस्त आहे की ते ऐकलं की आधी संशय घ्यावा. संशयाचं कारण एका भन्नाट किश्श्यात सापडतं, आणि त्या किश्श्याचा फुटबॉलशी काही संबंध नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन, ज्यांना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. ओरडण्यापेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असं ते सांगत होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की माझा अनुभव नेमका उलटा आहे. कॅडेटने सुंदर कसरत केली आणि मी वाहवा केली की पुढची कसरत हमखास बिघडते. वाईट केली आणि मी कानउघाडणी केली की पुढची हमखास सुधारते. तेव्हा शाबासकीचं कौतुक आम्हाला सांगू नका.

काहनेमन यांनी खडूने जमिनीवर एक खूण केली आणि सगळ्या अधिकाऱ्यांना पाठ फिरवून, न बघता, त्या खुणेकडे लागोपाठ दोन नाणी फेकायला सांगितली. मग अंतरं मोजली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं भलतीकडे गेलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. कुणाची स्तुती नाही, कुणाला दटावणी नाही. पाठमोऱ्या माणसाच्या नाण्याला ओरडून सुधारता येतं थोडंच! खूप वाईट घडल्यानंतर जे घडतं ते बहुधा कमी वाईट असतं, एवढंच. ओरडण्याची वेळ नेमकी तिथेच येते आणि सुधारणेचं श्रेय ओरडणारा घेऊन जातो.

आता कोच कधी हाकलतात ते बघा. संघ पाच-सहा सामने ओळीने हरला की. म्हणजे नाणं खुणेपासून सर्वांत लांब पडलेलं असताना. पुढचा येतो तो बरोबर परतीच्या वेळेला येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्यात फुटबॉलमध्ये नशिबाला वाव फार. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनपेक्षाही कमी गोल होतात, आणि गोलवर मारलेल्या दहा फटक्यांतला जेमतेम एक आत जातो. पोस्टला लागून बॉल बाहेर गेला की आत आला, एवढ्या फरकावर माणसाची नोकरी जाते.

हे नुसतं तर्काने म्हणता येईल, पण डच अर्थतज्ज्ञांनी ते मोजूनच दाखवलं. बास तेर वेल यांनी 1986 ते 2004 या काळातली नेदरलँड्सची लीग तपासली. कोच काढलेले संघ नंतर सावरले का? सावरले. पण त्यांनी आणखी एक गट शोधला. तितकीच घसरगुंडी झालेले, पण कोच न काढलेले संघ. तेही सावरले होते, साधारण तितक्याच वेगाने. या दुसऱ्या गटाची बातमी कधी होत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. संचालकांनी कळ काढली आणि कळ थांबली, याचा मथळा कोण देणार?

पुढे यान व्हान ऑउर्स आणि मार्टिन व्हान टाऊल या दोघांनी याच लीगचे 14 हंगाम घेतले आणि मोजमापासाठी सट्टेबाजांचे भाव वापरले. मला ही युक्ती फार आवडते. समोरचा संघ दुबळा आहे की बलाढ्य, सामना घरच्या मैदानावर आहे की बाहेर, कोण जखमी आहे, हे सगळं सट्टेबाज आधीच भावात धरतो, कारण चूक झाली तर त्याचा स्वतःचा खिसा फाटतो. त्यामुळे भावापेक्षा निकाल किती वाईट लागले हे मोजलं की कळतं की कोच खरंच कमी पडत होता की नशीब रुसलं होतं. या चाळणीतूनही निष्कर्ष तोच निघाला. कोच बदलल्यामुळे म्हणून काही फारसं सुधारत नाही.

मग मँचेस्टर युनायटेडचं काय? डिसेंबर 2018 मध्ये जोसे मोरिन्होला काढलं आणि क्लबचा जुना लाडका स्ट्रायकर ओले गुनार सोल्शायर तात्पुरता आला. पहिल्याच सामन्यात कार्डिफला 5-1 असं बुकललं. मोरिन्होशी वाजलेला पॉल पोग्बा एकदम फुलला, हडर्सफील्ड आणि बोर्नमथविरुद्ध त्याने दोन-दोन गोल मारले. ओळीने आठ विजय. मार्चमध्ये पॅरिसला जाऊन पीएसजीला 3-1 हरवलं, तेही घरी 2-0 हरल्यानंतर. हंगामी कोच म्हणून 19 सामन्यांत 14 विजय. जुने खेळाडू टीव्हीवर सांगू लागले की आता कसला विचार करताय, सही करून टाका. 28 मार्चला क्लबने त्याला कायम केलं.

नव्याचे नऊ दिवस संपले. पुढच्या 10 सामन्यांत 2 विजय. हंगामाचा शेवटचा सामना घरी होता, समोर तेच कार्डिफ, जे एव्हाना खालच्या श्रेणीत ढकललेही गेले होते. युनायटेड 2-0 हरलं.

ते पहिले आठ विजय कुणाकुणाविरुद्ध होते ते मागे जाऊन पाहिलं तर सुरुवातीचे चार लीग सामने कार्डिफ, हडर्सफील्ड, बोर्नमथ आणि न्यूकॅसलशी होते. वेळापत्रकच मऊ होतं. पण सगळंच नशीब होतं असंही मी म्हणणार नाही. ज्याच्याशी भांडण होतं तो साहेब गेला की माणसं मोकळेपणी काम करतात, हे कुठल्याही ऑफिसात दिसतं. शिवाय नव्या कोचला कुणाच्या जुन्या चुका पाठ नसतात. बाकावर बसवलेल्याला वाटतं आता आपली पाटी कोरी. हा परिणाम खरा असतो, पण कोचही थोड्याच दिवसांत जुना होतो.

अपेक्षेने माणूस बदलतो का, यावर 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागातल्या एका शाळेत रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी प्रयोग केला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही मुलं यंदा चमकणार. पहिली-दुसरीतली मुलं खरोखर चमकली. मोठ्या वर्गांत फरक जवळपास दिसला नाही, आणि त्या प्रयोगावर पुढे बरीच टीकाही झाली. म्हणून ‘कोचने विश्वास टाकला आणि पोरगा बदलला’ ही कहाणी मी अर्धीच मानतो. सहा वर्षांच्या मुलावर जे चालतं ते चोवीस वर्षांच्या लखपतीवर चालेलच असं नाही. आणि तरुण खेळाडूंचं वय हाही एक छुपा कोच असतो. ब्राझीलच्या व्हिनिसियसने 2020-21 मध्ये स्पॅनिश लीगमध्ये 3 गोल केले आणि कार्लो अँचेलोत्ती कोच म्हणून आल्यावरच्या हंगामात 17. अँचेलोत्तीचं कौतुक जरूर करा, पण पोरगं तेव्हा नुकतं एकवीस वर्षांचं झालं होतं.

तर जोएलिंटनचंही हेच झालं असेल? नाणं लांब पडलं होतं, ते आपसूक जवळ आलं? उत्तरासाठी लांब जायला नको, त्याच संघातला दुसरा खेळाडू बघू. पॅराग्वेचा मिगेल अल्मिरॉन. हाऊ आला त्या हंगामात त्याचा लीगमध्ये एकच गोल. मे 2022 मध्ये मँचेस्टर सिटीच्या विजय मिरवणुकीत जॅक ग्रीलिशने कुणीतरी वाईट खेळलं असं सांगताना अल्मिरॉनच्या नावाने टोमणा मारला होता, इतकी पत गेलेली. पुढच्या हंगामात याच माणसाने 11 गोल केले, त्यातले 6 एकट्या ऑक्टोबरमध्ये, आणि तो लीगचा त्या महिन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोच तोच, जागा तीच, उजवी कड. लोक म्हणाले हाऊने दुसरा चमत्कार केला. त्याच्या पुढच्या हंगामात 3 गोल. येरे माझ्या मागल्या!

एकच कोच, दोन सुधारणा. एक वर्षभरात विरली, दुसरी टिकली. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. अल्मिरॉनचे गोल वाढले, पण त्याचं काम तेच राहिलं. फटके काही महिने आत जात होते, मग जाईनासे झाले. जोएलिंटनचं कामच बदललं. स्ट्रायकरचा हिशोब गोलांनी होतो, आणि गोल ही वर्षातून दहा-पंधरा वेळा घडणारी गोष्ट. मिडफिल्डरचा हिशोब बॉल हिसकावणं, अंगावर घेणं, जागा भरणं यांनी होतो, आणि हे एका सामन्यात कितीतरी वेळा घडतं. तिथे नशिबाला फार खेळता येत नाही. झटापटींतल्या निम्म्याहून जास्त जिंकणारा माणूस पुढच्या शनिवारीही साधारण तेवढ्याच जिंकतो. म्हणजे हाऊने खेळाडूला हलवलं तेव्हा त्याला मोजायची पट्टीही बदलली. त्याच्यात जे आधीपासून होतं, म्हणजे ताकद, दम, पाठ गोलकडे ठेवून बॉल राखण्याची सवय, ते जुन्या पट्टीवर उमटतच नव्हतं. हॉफेनहाइममध्येही तो धो-धो गोल करणारा कधी नव्हता. ही माहिती विकत घेताना सगळ्यांपुढे होती. चूक खेळाडूची कमी आणि त्याला 9 नंबर देणाऱ्यांची जास्त.

आणि तरीही ही जागा हाऊला सापडली ती क्लार्कच्या लाल कार्डामुळे. मला यातली गंमत अशी वाटते की अशा शोधांच्या मुळाशी बऱ्याचदा नाइलाज असतो. आंद्रेआ पिर्लो इंटर मिलानमध्ये नीट रुजला नव्हता. 2001 मध्ये तो उसना म्हणून ब्रेशियाला गेला, तर तिथे त्याच्या आवडत्या जागेवर साक्षात रॉबेर्तो बाजिओ. तिथला कोच कार्लो माझ्झोने याने त्याला मागे, बचावफळीच्या पुढ्यात ठेवलं. तिथून लांब पास टाकत तो पुढे एसी मिलानमध्ये गेला आणि 2006 मध्ये इटलीबरोबर विश्वविजेता झाला. आपल्याकडचं उदाहरण त्याहून थरारक आहे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना मागून काढून थेट सेंटर फॉरवर्ड केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारत 2-1 जिंकला, त्यातला एक गोल जर्नेल सिंग यांचा. अर्थात जर्नेल सिंग कमी पडणारे खेळाडू कधीच नव्हते. पण नाइलाजाने हललेली सोंगटी पुढच्या सामन्यातही तिथेच ठेवायची, ही नजर कोचची.

हाऊच्या बाजूने सांगायचं ते सांगून झालं, आता थोडी काटछाट. तो यायच्या महिनाभर आधी सौदी पैशाने क्लब विकत घेतला होता. जानेवारी 2022 मध्ये कीरन ट्रिपिअर, ब्रुनो गिमारेस, डॅन बर्न असे खेळाडू आले, त्यासाठी नऊ कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला. शेजारी गिमारेस असताना मिडफिल्डर होणं आणि शेजारी कुणीच नसताना होणं यात फरक आहेच. सगळं एकाच वेळी बदलतं आणि आपण बोट दाखवतो ते टचलाइनवर उभ्या असलेल्या माणसाकडे, कारण कॅमेरा त्याच्यावर असतो.

हे सगळं एकाच माणसात पाहायचं असेल तर खालिद जमील यांची कारकीर्द पाहावी. सात हंगाम ते मुंबई एफसीचे कोच होते. 2016 मध्ये तिथून निघाल्यावर ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. आयझॉल तेव्हा आय-लीगमधून बाहेर फेकलं गेलं होतं. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत आत घेतलं. जमील यांनी मुंबईतले दोन ओळखीचे खेळाडू सोबत नेले, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. मोठ्या क्लबांनी ज्यांच्यासाठी पायघड्या घातल्या नव्हत्या असे हे दोघे. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी साधून आयझॉलने विजेतेपद घेतलं, मोहन बागानपेक्षा एकच गुण जास्त. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेलं. इथे जमील यांनी काय बदललं ते दाखवता येतं. राणे आणि मेहता यांच्याकडून काय होतं आणि काय नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे नको ते मागितलंच नाही.

पण जानेवारी 2021 मध्ये हेच जमील हंगामाच्या मध्यात नॉर्थईस्ट युनायटेडचे कोच झाले. कोरोनामुळे इंडियन सुपर लीगचे सगळे सामने तेव्हा गोव्यातच होत होते. संघ साखळी फेरीत त्यांच्या हाताखाली एकही सामना हरला नाही आणि उपांत्य फेरीत गेला. पुढचा पूर्ण हंगाम त्यांनाच दिला. संघ 11 मध्ये दहावा आला. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे कोच झाले. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी 2-1 हरवलं, सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक घेतला आणि समाजमाध्यमांवर कोचच्या नावाचा जयघोष झाला. 14 ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरने भारताला 2-1 हरवलं आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. जयघोष करणाऱ्यांतलेच काही दुसऱ्या दिवशी नवा कोच मागत होते. राष्ट्रीय संघाच्या कोचला खेळाडू मिळतात ते एका वेळी फार तर दोन-तीन आठवड्यांसाठी, बाकीचं वर्ष ते आपापल्या क्लबांत आपापल्या जागी खेळत असतात. कुणाची जागा बदलून पाहायची तर तेवढ्यातच.